अंदमान समुद्रातली पंगत

आमच्या विहाराच्या वार्षिक अंकात दरवर्षी कुणी ना कुणी सहलीवर लिहितं. मागच्या वर्षी महाबळेश्वर होतं, त्याच्या आधी अजिंठा. यंदा कांबळे सरांनी मला धरलं. "जहाजावर जाऊन आलास ना? लिही मग. आणि 'खूप मजा आली' हे वाक्य दिसलं तर छापणार नाही." सरांना रिटायर होऊन दहा वर्षं झाली, पण त्यांची जीभ अजून नोकरीत आहे.

मी नववीतून शाळा सोडली. पुढे सरांनीच माझ्या मागे लागून सतरा नंबरचा फॉर्म भरून घेतला आणि मला बाहेरून दहावीला बसवलं. ती दहावी नसती तर जहाजावर मला भांडी घासायलाही घेतलं नसतं. त्यामुळे सरांना नाही म्हणता येत नाही. सर, ते वाक्य या लेखात कुठेच नाही. काळजी करू नका.

येरवडा

जहाजाच्या आधी मी काय करत होतो ते सांगावं लागेल, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. मी सुमनमावशींकडे वाढपी होतो. येरवड्यात लग्न, बारसं, जयंती, काहीही असलं तरी जेवण मावशींचं. पहाटे टेम्पो घेऊन मार्केट यार्डला जायचं, भाजी आणायची, अकराला पंगत. असं बारा-तेरा वर्षं केलं.

मावशींचे वाढण्याचे दोन नियम होते. पहिला म्हणजे, लोक बसल्याशिवाय बादली बाहेर आणायची नाही. भटारखान्यात झाकून ठेवायची. दुसरा म्हणजे, पंगत बसवायची ती लांबच्या टोकाकडून आणि वाढायचंही तिकडूनच. कारण ढकलाढकली नेहमी लांबचा माणूस करतो, त्याला वाटतं आपल्यापर्यंत येणार नाही. त्याला आधी बसवला की जवळचे आपोआप बसतात.

नवीन होतो तेव्हा एका जयंतीला मी बुंदीची बादली डोक्यावर धरून "आली, आली" करत मांडवात गेलो होतो. लोक उठले, टेबल आडवं झालं, गरम वरण एका बाईच्या पायावर गेलं. मावशींनी मला सगळ्यांसमोर झापलं. "अन्न दाखवतोस होय रे? भुकेल्या माणसाला अन्न दाखवतात? आधी बसव!" त्या दिवशी मी हे शिकलो. म्हणजे असं मला वाटत होतं.

पुढे हॉलवाले आपापले कंत्राटदार आणायला लागले, मावशींचं काम कमी झालं. शेजारचा एक मुलगा बोटीवर होता, त्याने वाट दाखवली. ट्रेनिंग केलं, त्यात पोहायलाही शिकवलं. पण त्या तलावाला तळ आहे हे मला ठाऊक होतं, त्यामुळे त्या पोहण्यावर माझा विश्वास नव्हता. जहाजावर माझं काम मेसमनचं, म्हणजे जेवण वाढायचं, मेस पुसायची, स्वयंपाक्याच्या हाताखाली राहायचं.

निघताना आईने लसणाची चटणी बांधून दिली आणि म्हणाली, "पोचलास की फोन कर."

मी म्हटलं, "आई, समुद्रात पोचलो म्हणजे नक्की कुठे?"

"ते तू बघ. फोन कर."

विशाखापट्टणम

जहाजावर इथे चढलो. रिकामं होतं, इंडोनेशियात जाऊन कोळसा भरायचा होता. रिकामं जहाज पाण्याच्या बाहेर किती उंच असतं हे मला माहीत नव्हतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी चार मजली इमारत आहे, तेवढी नुसती लोखंडी भिंत, तिला खिडकी नाही. तिच्या अंगाला एक लांबलचक लोखंडी जिना लटकतो, त्याला गँगवे म्हणतात. खाली शेवटच्या पायरीला छोटं फलाट असतं, दोन माणसं उभी राहतील एवढं. मी तो जिना चढताना वर बघितलं नाही आणि खालीही बघितलं नाही.

वर डेकवर पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ उभे होते. मी धापा टाकत "नमस्कार" म्हटलं.

"मराठी? कुठचा?"

"पुणे. येरवडा."

"येरवडा? सुटलास की पळालास?"

हे बोसन कासमभाई. खलाशांचे मुकादम, दापोलीकडचे. बाप आणि आजाही बोटीवरच. पहिल्या रात्री जहाज हललं आणि माझं पोट वर आलं तेव्हा त्यांनीच मला सुक्या बिस्किटांचा पुडा आणून दिला. मी विचारलं, बुडणार तर नाही ना. म्हणाले, "बुडलं तर सगळेच बुडू. तुझी एकट्याची स्पेशल व्यवस्था नाय." ऐकून का कोण जाणे, बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी कॅप्टनसाहेबांपुढे डाळीची वाटी ठेवली आणि जहाज कलताच ती त्यांच्या मांडीवर गेली. साहेब केरळचे, शांत माणूस. टेबलावरच्या कापडाकडे फक्त बोट दाखवलं. नंतर स्वयंपाक्याने सांगितलं की बोटीवर टेबलक्लॉथ ओला करून अंथरतात, म्हणजे ताटं घसरत नाहीत. आमच्याकडे ओलं कापड टेबलावर दिसलं तर पाहुणा तोंड वाकडं करेल, इथे त्याच्यावाचून जेवण नाही. मला हे आवडलं. बाकी समुद्राबद्दल काय लिहू? निळा असतो असं ऐकलं होतं. मला तर तो बहुतेक वेळ काळाच वाटला. आईची चटणी कासमभाईंनी दोन दिवसांत निम्मी केली.

तिसरा दिवस

सकाळचा नाश्ता आटोपला होता, मी बशा धूत होतो. जहाज वळल्याचं पायांना कळलं. मग इंजिनचा आवाज बारीक झाला. समुद्राच्या मधोमध जहाज थांबतं का, याची मला धास्ती वाटली, म्हणून हात पुसत बाहेर आलो.

लांब एक लाकडी बोट होती. मासेमारीची असते तशी, पण तिचा रंग दिसत नव्हता, इतकी माणसं. इंजिन बंद होतं, लाटेबरोबर ती गोल फिरत होती. कुणीतरी काठीला लाल ओढणी बांधून हलवत होतं.

"रोहिंग्या," कासमभाई म्हणाले. "बांगलादेशातल्या छावणीतून निघतात, मलेशियाला जायला. आणि बघ, पोरं हायत सगळी."

खरंच पोरं होती. जवळ आल्यावर दिसलं, दाढी आलेली माणसं चार-पाच असतील. बाकी बारा, पंधरा, अठरा. आमच्या गल्लीतली क्लासला जाणारी पोरं असतात तेवढी. ओठ पांढरे पडलेले.

कॅप्टनसाहेबांनी वाऱ्याच्या बाजूला जहाज आडवं धरलं, म्हणजे बोटीला लाट कमी लागावी. या सगळ्याला तास गेला. गँगवे खाली सोडला. मला निरोप आला, पाणी आणि पाव तयार ठेव. मी दोन क्रेट भरले. स्वयंपाक्याने पहाटेच पाव भाजले होते, अजून ऊन होते. मी ते डेकवर आणले.

आता इथे हात अडखळतो.

मी कठड्याशी गेलो आणि खाली बघितलं. ती सगळी तोंडं वर. एक मुलगा दोन्ही तळवे उघडून तोंडाशी नेत होता, मागतात तसे. मला राहवलं नाही. मी क्रेट उचलला, कठड्यावर टेकवला, एक पाव हातात घेऊन उंच धरला आणि ओरडलो, "आहे, आहे! सगळ्यांना पुरेल!" मराठीतच ओरडलो. त्यांना समजायला भाषा लागली नाही.

सगळी बोट उभी राहिली. सगळी एकदम आमच्या बाजूला आली.

मी बघत होतो. बोटीची आमच्याकडची कड खाली गेली, पाणी आत आलं, आणि तिघं पाण्यात पडले. पाव माझ्या हातात होता.

कासमभाईंनी रिंगा फेकल्या. दोघांनी धरल्या. तिसरा, एक लहान मुलगा, बोट आणि जहाज यांच्या मधल्या फटीत गेला. एकदा त्याचा हात वर आला. मग बोट लाटेने आत लोटली गेली, आणि परत बाहेर आली तेव्हा तिथे काही नव्हतं.

बोट अजून बुडाली नव्हती, पण गुडघाभर पाणी होतं आणि सगळे उभेच होते, किंचाळत. आता कुणी अजून एक पाऊल टाकलं असतं तर ती पालथीच होती. चीफ ऑफिसर भोंग्यातून "सिट डाउन" ओरडत होते, कासमभाई "बैठो, बैठो". किंचाळण्यात काही ऐकू जात नव्हतं.

तेव्हा मला मावशी आठवल्या. इतक्या उशिरा आठवल्या.

मी क्रेट मागे ढकलले, वर ताडपत्री टाकली. कासमभाईंना म्हटलं, "मला खाली जाऊ द्या. मला बसवता येतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. पट्टा माझ्या कमरेला लावला, दोर अडकवला. "मी पुढं. तू माझ्या मागं."

तो जिना मी परत उतरेन असं मला कधी वाटलं नव्हतं. खालच्या फलाटावर लाटेचं पाणी पायांवर येत होतं. बोट चार-पाच हातांच्या अंतरावर. मी तिथे मांडी घालून बसलो. पंगतीला बसतो तसा, ताठ, हात गुडघ्यांवर. वरून आमचे लोक काय म्हणाले असतील ते म्हणोत. पाणी कमरेपर्यंत येऊन जात होतं.

जवळच्यांकडे मी बघितलंच नाही. सगळ्यांत लांब, पलीकडच्या टोकाला, एक मुलगी रिकामा डबा छातीशी धरून उभी होती, सोळाएक वर्षांची. ती पाण्याकडे बघून काहीतरी हाका मारत होती. मी तिच्याकडे हात केला. तळवा उताणा, मग हळूच खाली. आमच्याकडे पंगतीत जागा दाखवतात तसा. तिने पाहिलं. मी परत केला. तिला काय वाटलं कोण जाणे. ती पाण्यातच खाली बसली. मग तिच्या शेजारचा. मग त्याच्या शेजारचा. मी एकेकाला जागा दाखवत जवळ जवळ येत गेलो. बोट हळूहळू सरळ झाली.

मग दोर टाकून बोट फलाटाशी ओढली आणि एकेक जण घेतला. एकाचा पाय फलाटावर पडेपर्यंत दुसऱ्याने उठायचं नाही, हे हातानेच सांगितलं. कासमभाई ओढत होते, मी जागा दाखवत होतो. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. शेवटी ती डब्याची मुलगी आली. फलाटावर पाय ठेवल्यावर ती वर चढेना. मागे वळून पाण्याकडे बघत राहिली.

डेकवर

थर्ड ऑफिसरने मोजले, बेचाळीस. ताडपत्रीची सावली बांधली होती. कुणी न सांगता ती पोरं ओळीने बसली होती, खाली बोटीत बसली होती त्याच क्रमाने.

साहेबांनी रेडिओवर डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, इतक्या दिवसांच्या उपाशी पोटाला पाव देऊ नका, त्रास होईल. मीठ-साखरेचं पाणी द्या, मग भाताची पेज, थोडी थोडी. म्हणजे मी जो पाव दाखवला, तो त्यांना त्या दिवशी द्यायचाच नव्हता.

जहाज संध्याकाळपर्यंत तिथेच गोल फिरत राहिलं. शोधलं. दोन मच्छीमार बोटींनीही शोधलं. सापडला नाही.

पेज मी वाढली, लांबच्या टोकाकडून. टोकाला ती मुलगी होती. तिने ताटलीवर हात आडवा धरला. आमच्याकडे नको असलं की धरतात, तसाच. जगात सगळीकडे तसाच धरत असतील.

"पानी?" मी विचारलं.

तिला हिंदी येत होती, छावणीत मोबाइलवर सिनेमे बघून शिकलेली. नाव शमीमा. पाण्यात गेला तो तिचा भाऊ, यूनुस, बारा वर्षांचा. दोघं मामाकडे निघाले होते. सहाव्या दिवशी इंजिन बंद पडलं. बोटवाला दुसऱ्या बोटीत बसून निघून गेला. मग पाणी संपलं. हे तिने सगळं सपाट आवाजात सांगितलं, जसं दुसऱ्या कुणाचं.

"यूनुस ने पहले देखा," ती म्हणाली. "बोला, आपा, रोटी! और हँसा. चार दिन बाद हँसा." मग थांबून तिने विचारलं, "वो रोटी किसके हाथ में थी?"

माझ्या हातात पेजेचं भांडं होतं.

"ऊपर बहुत लोग थे," मी म्हणालो.

तिने मान हलवली. ताटलीवरचा हात काढला आणि म्हणाली, "थोड़ा दे दो."

मी वाढलं आणि पुढे गेलो.  दुसऱ्या दिवशी सकाळी कासमभाई चहाला आले, तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चहा संपवला, कप विसळला.

"मला काय सांगतोस? मी शेजारी उभा होतो. तिला सांग."

"ती काय म्हणेल?"

"काय म्हणायचं ते म्हणेल. तिचा भाऊ गेलाय, तुझा नाय."

तरी माझ्याच्याने झालं नाही. सगळा दिवस मी तिच्या ओळीत दुसऱ्याला पाठवलं.

सुमात्रा

दोन दिवसांनी उत्तर सुमात्रातल्या एका लहान बंदराने होकार दिला. धक्क्यावर गावातल्या बायका पातेली घेऊन आल्या होत्या, डोक्यावर रुमाल, हातात केळीच्या पानात गुंडाळलेला भात. मला एकदम आमची वस्ती दिसली. तिथल्या एका बाईने पोलिसाला दम देऊन बाजूला केलं आणि पहिल्या मुलाच्या खांद्यावर स्वतःची शाल टाकली. काय म्हणाली ते कळलं नाही, पण सुमनमावशीच बोलल्यासारखं वाटलं.

पोरं गँगवेने उतरायला लागली. शमीमा शेवटी होती, तो डबा अजून हातात. मी जिन्याच्या वरच्या तोंडाशी उभा होतो. आता नाही तर कधीच नाही, हे कळत होतं. 

"शमीमा, वो रोटी मैंने दिखाई थी. गलती मेरी थी."

ती थांबली.  मागचा खलाशी "चलो, चलो" म्हणत होता.

"मुझे मालूम है," ती म्हणाली. "हम नीचे थे. नीचे से आपका ही मुँह दिख रहा था."

म्हणजे तिने विचारलं तेव्हा तिला माहीत होतं. तिला ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

मला वाटलं आता ती काहीतरी बोलेल. शिव्या देईल, किंवा माफ केलं म्हणेल. दोन्हींतलं काही झालं नाही. ती म्हणाली, "उसका नाम लिख लो. यूनुस. बाप का नाम करीमुल्ला. जहाज के साहब लोगों ने कागज़ में नाम नहीं लिखा, सिर्फ़ 'एक लड़का' लिखा है."

माझ्या खिशात स्टोअरची चिठ्ठी होती. तिच्या मागच्या बाजूला मी लिहिलं आणि तिला दाखवलं. तिला देवनागरी वाचता येत नव्हतं. तिने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि जिना उतरून गेली.

चिठ्ठी घेऊन मी कॅप्टनसाहेबांकडे गेलो. दारात उभं राहून म्हटलं, नाव लिहायचं आहे, आणि पाव मी दाखवला तेही लिहायचं आहे. त्यांनी जहाजाची नोंदवही काढली. नाव मला पुन्हा म्हणायला लावलं, इंग्रजीत लिहिलं, बापाचंही. मग चष्मा काढून म्हणाले, "पाव वर आणायला मी सांगितलं होतं. कधी दाखवायचा ते सांगायला विसरलो. ते माझ्या नावावर लिहिलं आहे, त्याच दिवशी."

मी "सर" म्हणालो आणि चिठ्ठी घडी करून परत खिशात ठेवली. या माणसाच्या मांडीवर मी डाळ सांडली होती.

त्या वहीत माझं नाव नाही. म्हणून इथे लिहितो आहे. मी, अमोल. पाव माझ्या हातात होता.

परत

आठ महिन्यांनी घरी आलो. आईला फोन प्रत्येक बंदरातून केला होता. त्यात हे कधी सांगितलं नाही. पहिल्यांदा सुमनमावशींना सांगितलं. त्यांना आता गुडघ्यांमुळे उभं राहवत नाही, खुर्चीत बसून लसूण सोलत होत्या. सगळं ऐकलं.

"मग? बाकीचे बसवलेस?"

"हो."

"किती?"

"बेचाळीस."

त्यांनी एक पाकळी सोलून वाटीत टाकली. "आणि एक," त्या म्हणाल्या.  मला पाणी दिलं.

यंदाच्या बुद्धपौर्णिमेला विहारात दुपारचं जेवण होतं. वाढायला नवी मुलं होती, कंपन्यांत नोकरी करणारी, हौशी, पांढऱ्या कुर्त्यांतली. मांडव भरलेला, लोक अजून उभे, लेकरं खांबांना लटकलेली. त्यातला एक जण जिलेबीची परात डोक्यावर घेऊन आला आणि ओरडला, "जिलेबी आली!"

लोक वळले. मी कसा पळालो ते मला आठवत नाही. परात दोन्ही हातांनी खाली दाबली, पाक माझ्या शर्टावर सांडला.

"दादा, रिलॅक्स!" तो मुलगा हसला. "सगळ्यांना पुरेल."

हेच मी ओरडलो होतो.

मी परात भटारखान्यात नेऊन झाकली. मग मांडवात येऊन मधल्या वाटेवर मांडी घालून बसलो. त्या मुलाला वाटलं मला चक्कर आली. पलीकडच्या भिंतीशी एक म्हातारी काठी टेकून उभी होती, सगळ्यांत लांब. तिला मी हात केला, तळवा उताणा, मग हळूच खाली. ती बसली. तिच्या शेजारचे बसले. ओळ माझ्यापर्यंत येत येत सगळा मांडव बसला.

मग मी उठलो, भटारखान्यातून परात आणली, आणि भिंतीशी बसलेल्या म्हातारीकडे चालत गेलो.